'जेनू' आणि 'जानु' : एका वैद्यकीय शब्दाचा अभ्यास

दवाखान्यातून घरी येणाऱ्या कागदावर जे शब्द लिहिलेले असतात, त्यांपैकी पुष्कळ शब्द घरातील कोणासच कळत नाहीत. लहान मुलाचे पाय किंचित वाकडे दिसतात म्हणून आईबाप त्यास वाशीच्या किंवा पनवेलच्या एखाद्या डॉक्टरांकडे नेतात. कागदावर 'जेनू वाल्गम' असे दोन शब्द येतात, आणि आपल्या मुलास काही तरी भयंकर रोग जडला असे समजून सारे घर चिंतेत पडते. कोठे कोठे याच्या उलटही घडते. एवढे भारदस्त नाव मिळाले, तेव्हा निदान पुरे झाले, असे समजून पुढे कोणी काही विचारीतच नाही. भीती काय किंवा हा भाबडा विश्वास काय, दोहोंचे मूळ एकच, आणि ते म्हणजे शब्दाचा अर्थ ठाऊक नसणे. यास्तव 'जेनू' या एकाच शब्दाचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. विद्यार्थ्यांस यात भाषेचा पाठ मिळेल आणि पालकांस कदाचित थोडा धीरही मिळेल.

'जेनू' हा लॅटिन भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ 'गुडघा' इतकाच आहे. आपल्याकडील डॉक्टर इंग्रजी वळणाने त्याचा उच्चार 'जेनू' असा करतात. प्राचीन रोमन लोक तो 'गेनू' असा करीत. रोमन शेतकरी, शिपाई व स्वयंपाकीण यांच्या तोंडी हा शब्द रोजचाच होता. शरीरशास्त्रातील पुष्कळशा नावांची हीच गोष्ट आहे. गुडघ्याच्या पुढील बाजूस जे वाटोळे हाड असते त्यास शास्त्रात 'पॅटेला' म्हणतात. पॅटेला म्हणजे लहान थाळी. आपल्या आजीबाई त्याच हाडास 'गुडघ्याची वाटी' म्हणतात. रोमन गृहिणी आणि मराठी आजी यांची कधी गाठ पडली नाही, तरी दोघींनाही ते हाड पाहून स्वयंपाकघरातील भांडेच आठवले! ही वाटी जन्मतः हाडाची नसून कूर्चेची असते. वयाच्या तिसऱ्या ते सहाव्या वर्षांच्या दरम्यान तीत हाड धरू लागते. गुडघ्याखालील मोठ्या हाडास 'टिबिया' म्हणतात. टिबिया म्हणजे पावा. आपणही पायाची 'नळी' असे म्हणतोच. सांध्यात दोन हाडांच्या मधे ज्या दोन कूर्चेच्या चकत्या असतात त्यांस 'मेनिस्कस' हे ग्रीक नाव आहे. त्याचा अर्थ चंद्रकोर, आणि त्या चकत्यांचा आकार खरोखरच कोरीसारखा असतो. सारांश, परक्या लिपीचा पडदा दूर सारला की आत थाळी, पावा आणि चंद्रकोर अशा ओळखीच्या वस्तू दिसू लागतात.

इतकेच नव्हे, तर 'जेनू' हा शब्द मुळी आपल्या नात्यातला आहे. संस्कृतात गुडघ्यास 'जानु' म्हणतात. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात तो 'आजानुबाहु'. आणि शाळेतील योगासनांच्या तासाला विद्यार्थी गुडघ्यास कपाळ टेकवितात ते 'जानुशीर्षासन'. ग्रीक भाषेत गुडघ्यास 'गोनु', फारसीत 'जानू', जर्मनमध्ये 'क्नी' आणि इंग्रजीत 'नी' म्हणतात. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्ता येथे एशियाटिक सोसायटीपुढे जे प्रसिद्ध भाषण केले, त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे साम्य योगायोगाने आलेले नसून त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले होते. जानु आणि जेनू ही त्या साम्याची चांगली साक्ष होय. विद्यार्थ्यांनी येथे एक नियम ध्यानात ठेवावा. पुष्कळ शब्दांत संस्कृतात जेथे 'ज' येतो तेथे लॅटिन व ग्रीक भाषांत 'ग' येतो आणि इंग्रजीत 'क' येतो. 'ज्ञा' म्हणजे जाणणे. तोच धातू लॅटिनमध्ये 'ग्नोस्को' झाला आणि इंग्रजीत 'नो' झाला. इंग्रजी 'नी' आणि 'नो' या दोन्ही शब्दांच्या आरंभी लिहिला जाणारा आणि मुलांना नेहमी छळणारा मुका 'के' हा पूर्वी उच्चारला जात असे. त्या मुक्या अक्षरात आपल्या 'जानु'मधील 'ज' लपला आहे हे ज्यास कळले, तो स्पेलिंग सहसा विसरणार नाही.

आता या शब्दाच्या व्याकरणाकडे वळू. गुडघ्याच्या सांध्याचे संपूर्ण शास्त्रीय नाव आज 'आर्टिक्युलाशिओ जेनूस' असे लिहितात. 'आर्टिक्युलाशिओ' म्हणजे सांधा. मग 'जेनू'च्या शेवटी 'स' कोठून आला? मराठीत आपण 'गुडघा सांधा' असे म्हणत नाही, 'गुडघ्याचा सांधा' असे म्हणतो; 'गुडघा' या शब्दास विकार होऊन त्यास षष्ठीचा प्रत्यय लागतो. लॅटिनमध्येही तसेच आहे. 'जेनूस' म्हणजे 'गुडघ्याचा'. परंतु येथे एक फसगत संभवते. जीवशास्त्राच्या पुस्तकात वनस्पती व प्राणी यांच्या वर्गीकरणात 'जीनस' हा शब्द येतो. त्याचा अर्थ प्रजाती. रोमन लिपीत हे दोन्ही शब्द अगदी सारख्या अक्षरांनी लिहिले जातात. म्हणून गुडघ्याच्या नावात प्रजातीचा काय संबंध, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्यास पडतो. संबंध काहीच नाही. प्रजातीवाचक शब्द आपल्या 'जन्' धातूचा भाऊ आहे आणि गुडघावाचक शब्द आपल्या 'जानु'चा. संस्कृतात हे दोन्ही निरनिराळे दिसतात, लॅटिनच्या षष्ठीत मात्र ते एकमेकांच्या वेशात वावरतात.

या षष्ठीवरून विद्वानांतही एकमत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शरीराच्या एकेका भागास निरनिराळ्या देशांत अनेक नावे होती. सर्व मिळून ती सुमारे ५०,००० भरत. १८९५ साली स्वित्झर्लंडमधील बासेल येथे शरीरशास्त्रज्ञांनी त्यांतून निवड करून साडेपाच हजारांच्या आसपास नावे कायम केली. ग्रे यांचा शरीरशास्त्रावरील सुप्रसिद्ध ग्रंथ प्रथम १८५८ साली लंडन येथे निघाला. त्याची १९१८ सालची अमेरिकन आवृत्ती पाहिली तर तीत या सांध्याचे नाव 'आर्टिक्युलाशिओ जेनू' असे, 'स'वाचून, छापलेले आढळते. पुढे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या 'टर्मिनोलोजिया अनाटोमिका' या आंतरराष्ट्रीय नामसूचीत 'जेनूस' हे रूप आहे. या दोन रूपांपैकी पहिले केवळ अशुद्ध म्हणून टाकून देता येत नाही. 'जेनू'सारखी नपुंसकलिंगी नामे एकवचनात विकार पावत नाहीत, असे काही जुने लॅटिन वैयाकरण शिकवीत असत. तथापि शास्त्राचे काम सर्वांनी एकच रूप मान्य केल्यावाचून चालत नाही, म्हणून आज 'जेनूस' हेच रूप लिहावे.

'जेनू' नपुंसकलिंगी आहे ही गोष्ट व्यवहारातही उपयोगी पडते. लॅटिनमध्ये विशेषण विशेष्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. पायाचा अंगठा बाहेर वळला तर 'हॅलक्स वाल्गस', खुब्यापाशी तसाच वाकडेपणा आला तर 'कॉक्सा वाल्गा', आणि गुडघ्यात आला तर 'जेनू वाल्गम'. ज्यांच्या भाषेत विशेषणास लिंग नाही त्या इंग्रज विद्यार्थ्यांस हे तीन प्रकार पाठ करावे लागतात. मराठी मुलास त्यात नवल ते काय? वाकडा अंगठा, वाकडी मान, वाकडे ढोपर असे आपण रोज बोलतोच. आमचे विद्यार्थी पुढे नेरूळच्या किंवा कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले, तर त्यांनी या बाबतीत आपल्या मातृभाषेचे साहाय्य अवश्य घ्यावे.

अर्थात शब्द कळला तरी तो कोठे वापरला आहे हे पाहिल्यावाचून अर्थ लावू नये. गुडघा वाकतो, म्हणून शरीरात जेथे जेथे एखादा भाग गुडघ्यासारखा वळलेला असेल तेथेही 'जेनू' हे नाव दिले गेले. मेंदूच्या उजव्या व डाव्या भागांस जोडणारा जो मोठा पट्टा आहे, त्याच्या पुढील वळणास 'जेनू' म्हणतात. चेहऱ्याचे स्नायू हालविणाऱ्या मज्जातंतूच्या मार्गातही 'जेनू' आहे. डोळ्याकडून येणारे तंतू मेंदूतील ज्या ठिकाणी पोहोचतात, त्याच्या नावातील 'जेनिक्युलेट' हा शब्द 'लहानसा गुडघा' अशा अर्थाच्या शब्दापासून झाला आहे. तेव्हा डोक्याच्या तपासणीच्या कागदावर 'जेनू' हा शब्द दिसला म्हणून कोणी रुग्णाच्या गुडघ्यास तेल चोळू नये.

येथे कोणी विचारील की, आपली मराठी काय वाईट आहे, जे वैद्यांनी मेलेल्या भाषेचा आश्रय करावा? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर 'ढोपर' या शब्दातच सापडते. आपल्या कोकणपट्टीत ढोपर म्हणजे बहुधा गुडघा, परंतु मराठी मुलखाच्या काही भागांत ढोपर म्हणजे कोपर! एका गावचा रोगी दुसऱ्या गावच्या वैद्यास 'ढोपर दुखते' असे सांगू लागला तर हात पाहावा की पाय पाहावा असा पेच पडेल. समोरासमोर बोट दाखवून तो सुटतो, पण कागदावर बोट दाखविता येत नाही. जी भाषा आज कोणाच्याही घरी बोलली जात नाही, तिच्यात शब्दाचे अर्थ गावोगाव बदलत नाहीत, हा तिचा फायदा होय.

तथापि या नियमासही अपवाद आहे, आणि तो मौजेचा आहे. आज 'जेनू वाल्गम' म्हणजे उभे राहिले असता गुडघे एकमेकांस लागतात आणि घोटे दूर राहतात ती स्थिती. तसेच 'जेनू व्हारम' म्हणजे घोटे जुळतात आणि गुडघ्यांमधे धनुष्यासारखी पोकळी राहते ती स्थिती. परंतु प्राचीन लॅटिन कोशांत पाहावे तर 'वाल्गस' म्हणजे धनुष्यासारखे पाय असलेला आणि 'व्हारस' म्हणजे गुडघे आत वळलेला, असा नेमका उलटा अर्थ सापडतो! वैद्यांनी हे शब्द वापरता वापरता त्यांची अदलाबदल झाली. आता नियम असा केला आहे की, सांध्याच्या खालचा भाग शरीराच्या मध्यरेषेपासून दूर गेला तर 'वाल्गम' आणि मध्यरेषेकडे आला तर 'व्हारम'. यावरून असे दिसून येईल की, व्युत्पत्ती ही शब्दाचे कूळ सांगते. त्याचे आजचे काम रूढी ठरविते.

आता आम्ही या लेखातील मुख्य मुद्द्याकडे येतो. 'जेनू वाल्गम' हे आकाराचे वर्णन आहे, रोगाच्या कारणाचे नव्हे. 'गुडघे आत वळलेले' हे जे आईने डोळ्यांनी पाहिले होते, तेच डॉक्टरांनी लॅटिनमध्ये लिहिले. कारण शोधणे अद्याप बाकीच आहे. आपल्या प्राचीन वैद्यांचीही हीच रीत होती. सुश्रुतसंहितेत शरीरातील १०७ मर्मे सांगितली आहेत. त्यांत जानु हे सांध्याचे एक मर्म असून तेथे आघात झाल्यास मनुष्य लंगडा होतो असे सांगितले आहे. गुडघा सुजून कोल्ह्याच्या डोक्यासारखा दिसू लागला तर त्या विकारास त्यांनी 'क्रोष्टुकशीर्ष' असे नाव दिले. क्रोष्टुक म्हणजे कोल्हा. हे नावही नुसता आकार दाखविते. विकार कशाने झाला हे त्यावरून कळत नाही.

पुष्कळदा तर कारण शोधण्याचीही आवश्यकता नसते. मूल जन्मते तेव्हा त्याचे पाय धनुष्याकृतीच असतात. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास ते सरळ होतात. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे आत वळलेले दिसतात, आणि सातव्या वर्षाच्या सुमारास पाय प्रौढ माणसासारखे होतात. म्हणजे एकाच निरोगी मुलाच्या कागदावर एका वर्षी 'जेनू व्हारम' आणि दोन वर्षांनी 'जेनू वाल्गम' लिहिले जाणे शक्य आहे, आणि दोन्ही वेळा मुलास काही एक झालेले नसते. परंतु सातव्या वर्षानंतरही वाकडेपणा राहिला किंवा वाढू लागला, एकाच पायास तो दिसला, मूल लंगडू लागले, किंवा गुडघा दुखू वा सुजू लागला, तर मात्र वाट पाहू नये. ड जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा मुडदूस हे त्याचे एक कारण असू शकते. मुडदुसाने काही मुलांचे गुडघे आत वळतात, तर काहींचे बाहेर. म्हणजे कारण एकच असून लॅटिन नावे मात्र दोन. हे जीवनसत्त्व अंगावर ऊन पडल्याने शरीरात तयार होते. नव्या मुंबईच्या उंच इमारतींतून राहणाऱ्या पालकांनी मुलांस दररोज खाली मैदानात खेळावयास पाठविले, तर त्यात त्यांच्या अभ्यासाचे नुकसान नाही, हाडांचा मात्र लाभ आहे.

नावावर न थांबता कारण शोधल्याने काय साधते, याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या प्रांतातील आहे. नलगोंडा जिल्हा पूर्वी आंध्र प्रदेशात होता आणि आज तेलंगणात आहे. तेथील काही गावांत 'जेनू वाल्गम' झालेली पुष्कळ मुले व तरुण आढळले. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास करून १९७३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात वृत्तांत दिला. दोष त्या मुलांच्या चालण्यात नव्हता, कुळात नव्हता, आणि पालकांच्या पूर्वजन्मातील पापात तर नव्हताच. त्या भागातील विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार प्रमाणाबाहेर होता. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्याने दातांवर डाग पडतात आणि हाडे बिघडतात. आहारात चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी असला तर हा बिघाड अधिक होतो.

ही व्यथा नलगोंड्यापुरतीच नाही. आपल्या महाराष्ट्रात नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुका तेलंगणाच्या सीमेवर आहे. तेथील तसेच यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या जमिनीखालील पाण्यात फ्लोराइड अधिक आढळले आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमधे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा झराच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. उपाय कोठून आला हे ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस अभिमान वाटेल. नागपूर येथील 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने १९७० ते १९८० या दशकात एक सोपी रीत बसविली. पाण्यात योग्य प्रमाणात तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर घालून ते ढवळावे, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी घ्यावे. या रीतीस 'नलगोंडा पद्धती' असे नाव मिळाले. गावच्या व्यथेचे नाव तिच्या इलाजास मिळाले, हे त्या गावाचे भाग्यच म्हणावयाचे. कागदावर 'जेनू वाल्गम' लिहून सर्वांनी समाधान मानले असते, तर विहिरीकडे कोणाचे लक्ष गेले असते काय?

आपल्या नव्या मुंबईस मोरबे धरणाचे, म्हणजे पावसाच्या साठविलेल्या पाण्याचा पुरवठा होत असल्याने येथे ती भीती नाही. तरी धडा आपल्यासही लागू आहे. पालकांस आमची विनंती आहे की, डॉक्टरांनी लॅटिन नाव लिहून दिले म्हणजे त्यांस तीन गोष्टी नम्रपणे पण अवश्य विचाराव्या. या शब्दाचा अर्थ काय? हे कशामुळे झाले असावे? आणि आम्ही आता काय करावयाचे? चांगल्या डॉक्टरांस या प्रश्नांचा राग येत नाही. सैन्यात किंवा पोलिसांत जाण्याची ज्या विद्यार्थ्यांची इच्छा आहे, त्यांच्या पालकांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. कारण भरतीच्या वैद्यकीय तपासणीत गुडघे पाहिले जातात, आणि आत वळलेले गुडघे हे तेथे वैगुण्य ठरते. लहानपणी केलेली चौकशी अठराव्या वर्षीच्या निराशेपासून वाचवू शकते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांस सांगावीशी वाटते. वाकड्या पायांच्या मुलास वर्गात नावे ठेवण्याची वाईट खोड कोठे कोठे दिसते. ज्याचे गुडघे वळले आहेत त्याने ते आपण होऊन वळविलेले नसतात. संत यरोम याने सुमारे १६०० वर्षांपूर्वी पवित्र शास्त्र लॅटिन भाषेत आणले. त्यात फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रभूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा नमावा असा विचार आहे, आणि तेथे हाच 'जेनू' शब्द योजिला आहे. त्या नमणाऱ्या गुडघ्यांत सरळ गुडघे आणि वाकडे गुडघे असा भेद केलेला नाही. इब्रीकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात तर निर्बळ गुडघ्यांस बळकटी आणण्याचा आणि लंगड्या माणसासाठी वाट सरळ करण्याचा उपदेश आहे. त्याचा अर्थ आमच्या मते असा की, ज्यास चालणे कठीण जाते त्याच्यासाठी वाट नीट करणे हे त्याच्या सोबत्यांचे काम आहे.

असो. शरीरशास्त्राच्या पुस्तकात पुढे जी नावे येतील त्यांपैकी निदान दहा नावांचे मूळ अर्थ विद्यार्थ्यांनी कोशात पाहावे, आपल्या मराठी व संस्कृत शब्दांशी ते ताडून पाहावे आणि घरी आईवडिलांस समजावून सांगावे. पुढच्या वेळी दवाखान्याचा कागद घरी आला असता, तो न भिता वाचून त्यावर योग्य प्रश्न विचारणारे एक जरी मूल आमच्या वाचकांत निघाले, तरी या लेखाचे चीज झाले असे आम्ही समजू.